परत फिरण्याचे शहाणपण

मोरा बंदरात लाट आडवी आली, की तांडेल धक्क्याला टेकू आलेली लाँच मागे घेतो. उतारू कुरकुरतात. तो ऐकत नाही.

आम्हा उरणकरांच्या शेजारी, नवी मुंबईच्या विमानतळावर, २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उतरू लागली. ती पाहताना मला तांडेल आठवतो.

१ जुलै २०१९ च्या पावसाळी रात्री मुंबईत जयपूरहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून मातीत रुतले. माणसे वाचली, मुख्य धावपट्टी मात्र जवळजवळ चार दिवस बंद राहिली.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला तेवढ्यावर निभावले नाही. टेकडीवरची २७०० मीटरची धावपट्टी, पाऊस आणि पाठीमागून वारा. चाके टेकली तेव्हा निम्मी धावपट्टी मागे पडली होती. विमान टोकावरून खाली कोसळले. २१ जण गेले. त्यांत हवाई दलात घडलेले कसलेले वैमानिक, कॅप्टन दीपक साठेही होते. सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याचा इशारा दिला होता, असे चौकशी अहवाल सांगतो.

उपाय ठाऊक आहेत. टोकापुढे मोकळी जागा राखावी, पट्टीवर पाणी साचू देऊ नये, चाकांच्या रबराचा थर खरवडावा. पण पहिला उपाय माणसाच्या मनात आहे: ठरल्या जागी टेकता येत नसेल, तर पुन्हा वर जावे.

म्हणून मंडळी, उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले, तर कुरकुरू नका. तांडेल जागा आहे, असे समजा.