लिनक्स व्हर्च्युअल मशीनमधील पडद्याचे दोष

एका संगणकावर चालू असलेल्या संचालन प्रणालीच्या आत दुसरी संचालन प्रणाली चालविण्यासाठी सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकास व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी यंत्र म्हणतात. अशा यंत्रात लिनक्स चालविताना पडदा काळा राहणे, चित्र ८०० × ६०० अशा लहान आकारात अडकणे, खिडक्या लुकलुकणे किंवा मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसणे असे दोष आढळतात. त्यांचे कारण सहसा मॉनिटरमध्ये नसते. आभासी ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि डेस्कटॉप यांचा मेळ न जुळल्याने ते उद्भवतात. म्हणूनच बहुतेक दोष लिनक्स पुन्हा न बसविता व यंत्रातील फायली न गमावता दूर करता येतात.

पार्श्वभूमी

वैयक्तिक संगणकासाठी व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ मध्ये, तर व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये उपलब्ध झाले. २००७ मध्येच केव्हीएम ही सुविधा लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, समाविष्ट झाली. मूळ संगणकाच्या प्रणालीस यजमान व आतील प्रणालीस अतिथी म्हणतात.

शिक्षणात या पद्धतीचा मोठा उपयोग होतो. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक अभियांत्रिकी पदविकेत लिनक्सच्या आज्ञांची प्रात्यक्षिके असतात. बीड व अंबाजोगाई येथील शासकीय तंत्रनिकेतने याच मंडळाशी संलग्न आहेत. घरी विंडोज असलेला एकच लॅपटॉप असल्यास डिस्कचे विभाजन न करता लिनक्सचा सराव करण्याचा आभासी यंत्र हा सुरक्षित मार्ग ठरतो. मात्र पडद्याच्या दोषामुळे यंत्रच पुसून टाकले, तर त्यात साठविलेले कामही जाते.

चित्र उमटण्याची प्रक्रिया

अतिथी प्रणालीला खरे ग्राफिक्स कार्ड सहसा दिसत नाही; आभासी यंत्राचे सॉफ्टवेअर तिच्यापुढे एक काल्पनिक कार्ड ठेवते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीबॉक्सव्हीजीए, व्हीबॉक्सएसव्हीजीए आणि व्हीएमएसव्हीजीए असे पर्याय असतात. केव्हीएमसोबत क्यूएक्सएल किंवा व्हर्टआयओ-जीपीयू वापरले जाते. कार्ड ओळखणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये असावा लागतो. त्यावर झॉर्ग किंवा वेलँड ही प्रदर्शन व्यवस्था आणि तिच्यावर डेस्कटॉप चालतो. यांपैकी एक थर निकामी झाल्यास त्यावरचे थर योग्य चित्र देऊ शकत नाहीत.

चित्रासाठी राखून ठेवलेली स्मृतीही महत्त्वाची असते. १९२० × १०८० आकाराच्या एका चित्रास प्रत्येक बिंदूला ४ बाइट याप्रमाणे सुमारे ८.३ मेगाबाइट लागतात. ३८४० × २१६० आकारास सुमारे ३३ मेगाबाइट लागतात. त्यामुळे १६ मेगाबाइट स्मृती दिलेल्या यंत्रात मोठा आकार निवडता येत नाही.

निदान

पडदा काळा असल्यास प्रथम दोष कोणत्या थरात आहे ते पाहिले जाते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यजमान कळ, म्हणजे मूळ मांडणीनुसार उजवी कंट्रोल कळ, आणि एफ-३ एकत्र दाबल्यास अतिथी प्रणालीकडे कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ ही सूचना जाते. त्यानंतर अक्षरी पडद्यावर लॉगिनची ओळ आली, तर कर्नल सुरळीत असून दोष डेस्कटॉप किंवा प्रदर्शन व्यवस्थेत असल्याचे समजते. तेथून 'एलएसपीसीआय' या आज्ञेने कार्डाचे नाव आणि 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने नोंदवहीतील त्रुटी पाहता येतात.

लॉगिनची ओळही न आल्यास ग्रबच्या सूचीत कर्नलच्या ओळीला 'नोमोडसेट' हा शब्द जोडून यंत्र सुरू केले जाते. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर पडद्याचा आकार स्वतः ठरवीत नाही. हा तात्पुरता उपाय आहे; तो कायम ठेवल्यास चित्र लहान आकारातच अडकते.

उपाय

लहान आकारात अडकलेल्या चित्रावर पूरक आज्ञावली बसविणे हा मुख्य उपाय आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिला गेस्ट ॲडिशन्स म्हणतात. व्हीएमवेअरमध्ये ओपन-व्हीएम-टूल्स व तिचा डेस्कटॉप भाग, तर स्पाइस पद्धतीच्या यंत्रात स्पाइस-व्हीडीएजंट हे काम करते. त्यानंतर खिडकी लहानमोठी केली की अतिथीचा पडदाही तिच्यानुसार बदलतो.

गेस्ट ॲडिशन्सचे मोड्यूल कर्नलच्या आवृत्तीशी बांधलेले असतात. कर्नल अद्ययावत झाल्यावर ते पुन्हा तयार करावे लागतात व त्यासाठी जीसीसी, मेक आणि चालू कर्नलच्या हेडर फायली आवश्यक असतात. कालपर्यंत नीट असलेला पडदा अद्ययावतीनंतर बिघडण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून लिनक्ससाठी व्हीएमएसव्हीजीए हे कार्ड आपोआप निवडले जाते. जुन्या यंत्रात दुसरे कार्ड असल्यास यंत्र पूर्ण बंद करून ते बदलता येते. खिडक्या लुकलुकत असल्यास त्रिमितीय प्रवेग बंद करून पाहिला जातो. त्यानंतर चित्र रेखाटण्याचा भार प्रोसेसरवर पडतो, म्हणून कमी क्षमतेच्या संगणकावर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप उपयुक्त ठरतो. 'एक्सरँडआर' या आज्ञेने आकार बदलणे झॉर्गमध्ये शक्य असते. वेलँडमध्ये डेस्कटॉपच्या सेटिंगमधून बदल करावा लागतो.

मराठी मजकुराचे प्रदर्शन

यजमान विंडोजमध्ये मराठी नीट दिसत असले तरी अतिथी लिनक्स त्या प्रणालीचे फाँट वापरीत नाही. त्यामुळे अक्षरांच्या जागी चौकोन दिसल्यास ग्राफिक्स कार्ड बदलून उपयोग होत नाही; लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा फाँट अतिथीमध्ये बसवावा लागतो. लोहित हा फाँटसमूह रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला.

फाँट जुना असल्यास बाकीचा मजकूर दिसूनही 'ॲ' हे अक्षर उमटत नाही, कारण त्याचा समावेश युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २००८ मध्ये झाला. जोडाक्षरांची मांडणी हार्फबझसारखी आज्ञावली करते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या शब्दांतील फरक पडद्यावर नीट दिसतो का, ही मराठी प्रदर्शनाची सोपी चाचणी आहे.

खबरदारी

कोणताही बदल करण्यापूर्वी यंत्राचा स्नॅपशॉट घेतल्यास पूर्वीच्या स्थितीत परतता येते. स्नॅपशॉट मूळ डिस्क फाइलवर अवलंबून असल्याने महत्त्वाच्या फायलींची स्वतंत्र प्रत यंत्राबाहेर ठेवणे आवश्यक असते. पडदा दिसत नसतानाही एसएसएच सेवा आधीपासून चालू असल्यास यजमान संगणकावरून त्या फायली काढून घेता येतात.