डेटाबेसच्या निर्मितीची तारीख

सर्व्हरवर डेटाबेस साचत गेले, की कोणता ठेवायचा नि कोणता काढायचा हे ठरवताना पहिला प्रश्न येतो तो तारखेचा. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये त्याला सरळ उत्तर नाही. ‘पीजी_डेटाबेस’ या कॅटलॉगमध्ये नाव, मालक, एन्कोडिंग, अधिकार असे रकाने आहेत. निर्मितीच्या वेळेचा नाही.

म्हणून लोक फाइलींकडे वळतात. डेटाबेस तयार होताना डेटा डिरेक्टरीतल्या ‘बेस’ फोल्डरात त्याच्या ओआयडी क्रमांकाचे फोल्डर बनते आणि त्यात ‘पीजी_व्हर्जन’ ही चिमुकली फाइल पडते. तिच्यात मुख्य आवृत्तीचा आकडा, बाकी काही नाही. रोजच्या कामात तिला कोणी हात लावत नाही, त्यामुळे ‘पीजी_स्टॅट_फाइल’ फंक्शनने वाचलेली तिची बदलवेळ बहुधा निर्मितीचीच निघते. बहुधाच, कारण डेटाबेस दुसऱ्या टेबलस्पेसमध्ये हलवला की फाइल नव्याने लिहिली जाते, आणि ‘पीजी_अपग्रेड’नंतर सगळ्याच डेटाबेसना अपग्रेडच्या दिवसाची तारीख चिकटते.

9.5 आवृत्तीपासून प्रत्येक व्यवहाराची कमिटवेळ नोंदणारी ‘ट्रॅक_कमिट_टाइमस्टॅम्प’ची सोय आहे. ती मुळात बंद असते. उशिरा चालू केली तर मागचे काही सांगत नाही. शिवाय डेटाबेसचे नाव बदलले किंवा कोणाला त्यावर अधिकार दिले, की कॅटलॉगमधली ओळ नवी होते आणि वेळही त्या बदलाची दिसते.

जिथे रकाना आहे तिथेही गोष्ट सरळ नाही. एसक्यूएल सर्व्हरचा ‘क्रिएट_डेट’ नामांतरानेही बदलतो. ‘टेम्पडीबी’ची तारीख तर सर्व्हर चालू होताना दर वेळी नवी. ओरॅकलमध्ये कंट्रोल फाइल पुन्हा घडवली, तर ‘क्रिएटेड’मध्ये त्या दिवसाची तारीख येते. म्हणजे सर्व्हरला कळते ते स्वतःच्या नोंदींचे आणि फाइलींचे वय. आतली माहिती कधीपासूनची, हा प्रश्न निराळा. बॅकअपमधून काल उभा केलेला डेटाबेस सर्व्हरच्या लेखी कालचाच, माहिती मग कितीही जुनी असो. या दोन प्रश्नांची गल्लत करून डेटाबेस पुसणे मला फार धोक्याचे वाटते.

त्यामुळे तारीख शोधण्यापेक्षा नोंदवावी. इव्हेंट ट्रिगर इथे उपयोगाचा नाही. ‘क्रिएट डेटाबेस’वर तो चालतच नाही. ‘लॉग_स्टेटमेंट’ला ‘डीडीएल’ हे मूल्य दिले तर ती आज्ञा वेळेसकट लॉगमध्ये उतरते, पण जुने लॉग पुसले जातात. टिकाऊ उपाय साधाच: डेटाबेस बनवताच ‘कॉमेंट ऑन डेटाबेस’ने तारीख, हेतू आणि जबाबदार गट लिहून ठेवावा. ‘क्रिएट’ पर्यायासह डंप घेतला, तर हा शेरा नव्या सर्व्हरवरही सोबत जातो.