सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने देताय? एकरी भाडे किती धरायचे, हिशेब असा करा

गावालगतच्या वीज उपकेंद्राच्या आसपास जमीन असेल, तर सौर कंपनीचा माणूस किंवा मधला एजंट आज ना उद्या बांधावर येतोच. "एकरी पन्नास हजार, घरबसल्या, तीस वर्षं" असा त्याचा भाव असतो. कोरडवाहू शेतकऱ्याला हा आकडा मोठा वाटतो आणि बऱ्याचदा तो फायद्याचाही असतो. पण आज पंचेचाळिशीत असलेल्या माणसाने सही केली, तर जमीन मोकळी होईल तेव्हा तो पंचाहत्तरीचा असेल. म्हणून हो म्हणण्याआधी हिशेब पक्का हवा.

सरकारी दर काय आहे?

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०२३ मध्ये 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' आली. तिच्यात खासगी जमिनीसाठी वर्षाला हेक्टरी १,२५,००० रुपये किंवा शासकीय मूल्यदरानुसार निघणाऱ्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल ती भाडे म्हणून धरली आहे. त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, म्हणजे एकरी भाडे साधारण ५०,६०० रुपये पडते. एजंट सांगतो तो 'पन्नास हजार' इथूनच येतो.

त्या ६ टक्क्यांचा विषय मात्र एजंट सहसा काढत नाही. शासकीय मूल्यदराने हेक्टरी किंमत २० लाख ८३ हजारांच्या वर, म्हणजे एकरी सुमारे ८ लाख ४३ हजारांच्या वर असेल, तर ६ टक्क्यांचा हिशेब जास्त भरतो. हायवेलगतच्या किंवा बागायती गटांत असे होऊ शकते. आपल्या गावाचा मूल्यदर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात पाहता येतो.

योजनेबाहेरच्या खासगी प्रकल्पांना हा दर बंधनकारक नसतो. पण बोलणी करताना तो पायरीसारखा वापरावा, त्याच्या खाली उतरू नये.

३ टक्के वाढ: सरळ की चक्रवाढ?

योजनेत वाढ सरळ पद्धतीने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या भाड्यावर मोजली जाते. १,२५,००० वर दरवर्षी ३,७५० रुपये वाढतात आणि तिसाव्या वर्षी भाडे २,३३,७५० होते. तीस वर्षांची बेरीज हेक्टरी सुमारे ५३ लाख ८१ हजार. हीच वाढ चक्रवाढीने धरली तर बेरीज ५९ लाख ४७ हजारांच्या आसपास जाते. करारातल्या एका शब्दाने साडेपाच लाखांहून जास्त फरक पडतो. खासगी कंपनीशी बोलताना चक्रवाढ मागायला हरकत नाही.

महागाईही धरा. भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत गेले, तर आज शंभराला मिळणारी वस्तू तिसाव्या वर्षी चारशेच्या वर जाईल, आणि सरळ वाढीचे भाडे तोवर दुप्पटही झालेले नसेल. सुरुवातीची वर्षे सुखाची आणि शेवटची ओढाताणीची, असे हे भाडे आहे.

आपल्या रानाचे उत्पन्न काढा

मागच्या पाच वर्षांचा हिशेब घ्या, चांगले आणि पडलेले हंगाम दोन्ही धरून. समजा कोरडवाहू एकरात ६ क्विंटल सोयाबीन झाले. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने त्याचे २९,३५२ रुपये झाले. बियाणे, खत, फवारणी, मळणी आणि घरच्यांची मजुरी वजा जाता हातात राहते ती खरी कमाई. अशा रानाला पन्नास हजार भाडे नक्कीच जास्त आहे. पण विहीर-बोअरवर दोन पिके, ऊस किंवा फळबाग असेल, तर गणित उलटू शकते. चांगले रान देऊ नये, मुरमाड-बरड द्यावे, हा साधा नियम.

जनावरांचा चारा आणि त्या रानावर राबणारा बटईदार यांचाही विचार घरात बसून करावा.

भाव कशाने वाढतो?

एक मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. उपकेंद्र जितके जवळ, तितका कंपनीचा लाइनचा खर्च कमी. सपाट जमीन, सलग तुकडा आणि पक्का रस्ता असेल तर शेतकऱ्याचा हात वर असतो. शेजारच्या तिघा-चौघांनी मिळून सलग क्षेत्र दिले तर एकट्यापेक्षा चांगला दर मागता येतो. एकेकाला गाठून वेगवेगळे दर ठरत असतील, तर आधी आपसात बोलून घ्यावे.

सही करण्याआधी हे बघा

- भाडे कोणत्या क्षेत्रावर? सातबाऱ्यावरचा पोटखराबा धरला आहे का? मोजणी झाल्यावरच आकडा पक्का करा.
- भाडे सहीपासून सुरू, की प्रकल्प सुरू झाल्यावर? जमीन अडकली त्या दिवसापासून पैसे मिळायला हवेत.
- भाडे थकले तर व्याज किती आणि करार कधी रद्द होणार?
- कंपनी कर्ज काढताना फक्त भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवेल, जमीन नाही, हे स्पष्ट लिहून घ्या.
- मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण काढणार?
- वहिवाटीचा रस्ता आणि नाला बंद होणार नाही, याची अट हवी.
- इतर हक्कातला सोसायटीचा बोजा, राहिलेली वारस नोंद, भोगवटादार वर्ग-२ ची जमीन ही कामे आधी मार्गी लावा. वर्ग-२ ला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. केवळ नोटरी केलेल्या कागदावर विसंबू नये. हे भाडे शेती उत्पन्न नसल्याने त्याला शेतीची करमाफी मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

वकिलाची फी जड वाटते, पण तीस वर्षांच्या कागदापुढे ती किरकोळ आहे. कराराची मराठी प्रत मागून घ्यावी आणि घरातल्या सगळ्या हिस्सेदारांसमोर वाचावी. बहिणींचे नाव सातबाऱ्यावर असेल तर त्यांनाही बोलवावे. न वाचता "उद्याच सही हवी" म्हणणाऱ्याला आठ दिवस थांबायला सांगावे. जमीन कुठे पळून जात नाही.