बायसनचा बाहुला आणि जकातीचं भांडण

लाल गणवेश, लाल टोपी, पांढरे डोळे. नव्वदीत ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये घरून आणलेली चिल्लर उडवली, त्यांना 'स्ट्रीट फायटर २'चा एम. बायसन वेगळा सांगायला नको. कॅपकॉमचा हा गेम १९९१चा. गंमत म्हणजे जपानमध्ये या खलनायकाचं नाव वेगा. तिथे 'एम. बायसन' होता तो बॉक्सर, आणि तो माइक टायसनसारखा हुबेहूब. अमेरिकेत खटला होईल या भीतीने कंपनीने तीन पात्रांच्या नावांची अदलाबदल केली आणि बॉक्सरचं नाव हुकूमशहाला चिकटलं.

१९९३ मध्ये हॅस्ब्रोने याच बायसनची फिगर काढली, तीही 'जी. आय. जो'च्या मालिकेत. आज संग्राहक ती सीलबंद पाकिटासह शोधत असतात. पण मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी.

१९६४ मध्ये जी. आय. जो बाजारात आला तेव्हा मुलगे बाहुली कशी घेतील, ही हॅस्ब्रोला धास्ती. म्हणून 'ॲक्शन फिगर' हा शब्द घडवला गेला. (आपल्याकडे बाहुला-बाहुलीचं लग्न लावण्यात मुलगेही वऱ्हाडी व्हायचे, हा प्रश्नच नव्हता.) जाहिरातीपुरतं ठीक होतं, पण जकात खातं कुठे जाहिरात ऐकतं? आयात केलेले जी. आय. जो हे कायद्याने बाहुल्याच, असा निकाल अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. म्हणजे बायसन ज्या मालिकेत आला, ती चार वर्षं आधीच कोर्टात 'बाहुली' ठरली होती.

पुढचा खटला याहून भारी. बाहुलीवर १२ टक्के जकात आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के, असा तेव्हाचा दर. बाहुली म्हणजे फक्त माणसाची प्रतिकृती. प्राणी, राक्षस, परग्रहवासी ही खेळणी. मार्व्हलच्या फिगर बनवणाऱ्या टॉय बिझने दावा केला की आमची एक्स-मेन मंडळी माणसंच नाहीत. २००३ मध्ये न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी फिगरचे पंजे, पंख, सोंड्या तपासून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आता एक्स-मेनची सगळी कथाच 'आम्हालाही माणूस म्हणा' अशी. चाहते भडकले ते उगाच नाही. पैसे वाचले म्हणून कंपनीने आपल्याच नायकांचं माणूसपण सोडून दिलं.

या मापाने बायसन अडकलाच असता. दुष्ट कितीही असो, दिसतो माणूस. त्याच मालिकेतला हिरवा ब्लँका मात्र बहुधा स्वस्तात सुटला असता!

भारतात जी. आय. जो आले ते हॅस्ब्रोच्या परवान्याने, फनस्कूलकडून. ही एमआरएफची कंपनी, तिचा कारखाना आपल्या गोव्यात. म्हणजे त्या काळी ही खेळणी इथे तयार होऊन मध्यमवर्गीय घरात पोचत होती, हे विसरू नये.

आज चित्र वेगळं आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं चिन्ह सक्तीचं. स्वस्त आणि घातक माल रोखायला हे हवंच होतं, माझा त्याला विरोध नाही. पण त्या आदेशात खेळणं म्हणजे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठीची वस्तू. कितीतरी जपानी फिगरच्या खोक्यावर '१५ वर्षांवरील' असं स्पष्ट छापलेलं असतं. कपाटात काचेआड ठेवायला चाळिशीतला माणूस बायसन मागवतो, तर ते खेळणं की शोभेची वस्तू? बीआयएस लागू की नाही, हा वाद निदान घालता येतो. शुल्काच्या बाबतीत तीही सोय उरलेली नाही, कारण बाहुली, बाहुला, राक्षस सगळे २००७ पासून ९५०३ या एकाच शीर्षकाखाली मोजले जातात.