हॉपकिन्स खटला आणि स्वभावाचे मूल्यमापन
अमेरिकेतील ‘प्राइस वॉटरहाउस’ या लेखापरीक्षण व सल्लागार संस्थेत १९८२ साली भागीदारीसाठी ८८ नावे पुढे आली. त्यांत स्त्री एकच, अ‍ॅन हॉपकिन्स. सुमारे अडीच कोटी डॉलरचे सरकारी कंत्राट मिळविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तरीही निर्णय लांबणीवर पडला. आक्षेप त्यांच्या वागण्यावर होता. चालणे-बोलणे अधिक स्त्रीसुलभ ठेवावे, प्रसाधन करावे, दागिने घालावेत, असा सल्ला त्यांना मिळाला. हाताखालच्यांशी त्या तुटकपणे वागत, ही तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती. तथापि कामासाठी आवश्यक असलेली आक्रमकता स्त्रीच्या ठायी मात्र दोष ठरविणे हा लिंगभेदच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये मानले. त्यांना भागीदारी देण्याचा आदेश १९९० साली झाला.