बेअर शेव्याच्या शूकमधला आंबा

बेअर शेव्याच्या भाजीबाजारात आम्ही प्रथम गेलो तो 1969 साली. अलिया करून महिनाही झाला नव्हता. आपल्याच देशात आलो म्हणायचे, पण त्या बाजारात आम्ही पुरते परदेशी होतो. आम्हाला हिब्रू येईना, भाजीवाल्याला इंग्रजी येईना. आईने बोटाने भेंडी दाखवली. म्हातारा इराकी "बाम्या" म्हणाला आणि एका बरणीतले पिवळे लोणचे पावाच्या तुकड्यावर घालून त्याने तिच्यापुढे धरले. म्हणाला, "अंबा!" आईने चाखले. "अगं बाई, हा तर आपला आंबाच. हळद आहे, मेथी आहे, गूळ तेवढा नाही." ती मराठीत बोलली आणि तो हसला. आम्ही हिंदुस्थानचे हे कळल्यावर बोटे मोजत "रुबिया, रुबिया" म्हणू लागला.

रुपया त्याला कसा ठाऊक, हे आम्हाला पुढे वाचून उमगले. बगदाद-बसऱ्याच्या यहुदी व्यापाऱ्यांचा मुंबईशी जुना व्यवहार. डेव्हिड ससून 1832च्या सुमारास मुंबईत आले. आंब्याचे लोणचे ससूनांनीच बगदादला नेले असे काही सांगतात. ती ऐकीव गोष्ट आहे. शब्द मात्र मुंबईच्या वाटेने गेला यात आम्हाला शंका वाटत नाही. इराकात 1932 पर्यंत आपला रुपया चालत असे. कुवेतमध्ये तर 1961 साली दिनार येईपर्यंत बाजारचे नाणे तेच. अबू हलीफासारख्या किनाऱ्यावरच्या गावातही मासळीचा नि खजुराचा हिशेब रुपयातच व्हायचा. आपण अलिया करण्याच्या किती तरी आधी आपला पैसा आणि आपला आंबा अर्ध्या वाटेवर येऊन बसले होते!

आमच्या आधी आलेल्यांच्या नशिबी हे नव्हते. 1949 पासून दहा वर्षे त्सेना, म्हणजे रेशन. अंड्यांची पूड, गोठवलेली मासळी. 1951 साली आपल्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले, "आम्हाला भारतात परत पाठवा" म्हणून. नोकरी-घराच्या गाऱ्हाण्यांबरोबर त्यात काळ्या पावाचेही गाऱ्हाणे होते. काही जण 1952 साली परत गेलेही. त्याच दोन वर्षांत, 1950-51 मध्ये, इराकातून लाखावर यहुदी विमानांनी आले. पुढे त्यांच्यातल्या कित्येकांनी बाजारात गाळे मांडले. मग भेंडी दिसू लागली, कोथिंबीर 'कुसबरा' या नावाने मिळू लागली. कोळ्याच्या पाटीत बोई सापडली, इथली 'बुरी'. खवल्यांची, म्हणून कशेर, आणि नारळाच्या दुधाला चालणारी. नारळ मात्र महाग. मलिद्याचे पोहे तर आम्ही बरीच वर्षे मुंबईहून येणाऱ्या माणसाच्या सामानातून मागवले.

आपल्या समाजाच्या इतिहासात ठराव आणि मोर्चे यांची नोंद आहे, ती असावीच. पण ज्या बायका भाषा न येता दर आठवड्याला पिशवी घेऊन त्या बाजारात गेल्या, त्यांनीच घर इथे टिकवले असे आमचे मत आहे. त्यांना पहिली ओळख दाखवली ती एका अरबी बोलणाऱ्या यहुद्याने. आईला पुढे हिब्रू थोडीबहुत आली, पण भाजीची नावे ती अखेरपर्यंत अरबीतच घेई.

आमचा नातू सबिखमध्ये अंबा घालून खातो आणि हा इराकी शब्द आहे, असे आम्हालाच शिकवतो.