प्रयोगशाळेंतून बाजारांत

प्रयोगशाळेंत जें साधतें तें बाजारांत साधेलच असा नेम नाहीं. शोध लावणें ही एक विद्या. त्या शोधाचा माल करून तो परवडेल अशा भावानें गिऱ्हाइकाच्या हातीं देणें ही दुसरी. पहिली शिकविणारीं विद्यापीठें पुष्कळ आहेत. दुसरी शास्त्रज्ञानें कोठें शिकावी? या प्रश्नाचें एक उत्तर आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या चरित्रांत सांपडतें.

१८८७ सालीं एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळवून राय मायदेशीं परतले व १८८९ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत दरमहा २५० रुपयांवर अध्यापक झाले. पदवीधर तरुण कारकुनीसाठीं उंबरे झिजवीत आणि साधीं साधीं औषधेंहि विलायतेहून येत, हें त्यांच्या मनास सलत होतें. १८९२ सालीं अपर सर्क्युलर रोडवरील आपल्या राहत्या घरांत, सुमारें ७०० रुपयांच्या भांडवलावर, त्यांनीं बेंगॉल केमिकलचा पाया घातला.

दुसऱ्या विद्येचे धडे येथें सुरू झाले. सोडियम फॉस्फेट करण्यासाठीं खाटकांकडून आणलेलीं हाडें त्यांनीं गच्चीवर वाळत घातलीं. अवकाळी पाऊस आला, हाडें कुजलीं आणि शेजारी तक्रार घेऊन दारांत उभे राहिले. रसायनाच्या ग्रंथांत या संकटावर उपाय दिलेला नव्हता! पुढें औषधें उत्तम उतरलीं, तरी दुकानदार तीं घेईनात. लोकांचा विश्वास विलायती चिठ्ठीवर. तेव्हां डॉक्टर अमूल्यचरण बोस हे स्नेही साह्यास आले. त्यांनीं आपल्या वैद्यमित्रांस हीं औषधें वापरण्यास वळविलें, आणि अडुळसा, ओवा अशा घरगुती वनस्पतींचीं औषधेंहि नव्या पद्धतीनें तयार होऊं लागलीं. शुद्ध माल करणें राय जाणत होते. मागणी कशी निर्माण होते हें त्यांस डॉक्टरमित्रानें शिकविलें.

या शिक्षणाची फी मात्र जबर पडली. सतीशचंद्र सिंह हा तरुण सहकारी अपघातानें प्रुसिक आम्लाची विषबाधा होऊन गेला. १८९८ सालीं अमूल्यचरणांस प्लेगनें ओढून नेलें. कॉलेजचें अध्यापन संभाळून कारखान्याचा सारा भार राय यांच्या एकट्यावर आला. तरीहि त्यांनीं धीर सोडला नाहीं. १९०१ सालीं दोन लक्ष रुपये भांडवलाची मर्यादित कंपनी उभी राहिली. १९०३ सालीं राजशेखर बसू हे रसायनज्ञ आले आणि पुढें व्यवस्थापनाची धुरा त्यांनींच वाहिली. शोधकाला चांगला कारभारी लाभला तरच कारखाना टिकतो, हा या शाळेचा शेवटचा धडा. हा कारखाना पुढें १९८० सालीं सरकारच्या मालकीचा झाला.

राय यांस जें ठेचा खात शिकावें लागलें, तें पुढील काळीं रीतसर शिकविण्याची सोय झाली. पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयानें २००७ सालीं व्हेंचर सेंटर निघालें. संशोधकांस पेटंट, भांडवल व बाजारपेठ यांविषयीं तेथें मार्गदर्शन मिळतें. हें योग्यच आहे. सोबत्यांच्या प्राणांएवढी फी कोणासहि पडूं नये. मात्र आपला माल दुकानदारापुढें ठेवून त्याचा नकार ऐकण्याचा धडा ज्याचा त्यानेंच घ्यावयाचा असतो.